कुंडीतील मूळकूज : औषधाच्या पुडीआधी मुळांची तपासणी हवी

पावसाची पहिली मोठी झड ओसरून आठवडा उलटला, की झाशी परिसरातील रोपवाटिकांत एक ठरावीक दृश्य दिसू लागते. शेवंती, जरबेरा, ॲग्लोनेमा, अडेनियम यांच्या कुंड्यांतील माती ओलीचिंब असते आणि तरीही रोपे माना टाकतात. मालक एक रोप उचलून औषधाच्या दुकानात जातो. दुकानदार पानांवरून नजर फिरवतो, ‘बुरशी आहे’ असे सांगतो आणि कार्बेन्डाझिमची पुडी पुढे करतो. त्याच संध्याकाळी निरोगी-रोगट असा भेद न करता सगळ्या कुंड्यांना आळवणी होते. दहा-बारा दिवसांत आणखी रोपे जातात. मग औषध बनावट होते, मात्रा कमी पडली किंवा हवामानच वाईट होते, असा निष्कर्ष निघतो. रोप कुंडीतून बाहेर काढून त्याची मुळे मात्र या साऱ्या प्रवासात कोणीही पाहिलेली नसतात.

मूळकुजीच्या नियंत्रणात बुरशीनाशकाला निश्चित स्थान आहे. परंतु ते स्थान पहिले नाही, आणि निदानाविना तर मुळीच नाही. ही गोष्ट केवळ शोभेच्या रोपांपुरती मर्यादित असती, तर तिची एवढी चर्चा करण्याचे कारण नव्हते. पण जी रोपवाटिका शेवंती विकते, तीच बहुधा लिंबू, संत्रा आणि पेरूची रोपेही विकते. तिच्या कुंडीत जे मुरते, ते पुढे शेतकऱ्याच्या बागेत जाते.

एक नाव, अनेक कारणे

‘मूळकूज’ हे एका रोगाचे नाव नसून एका अवस्थेचे नाव आहे. या अवस्थेला कारणीभूत होणारे जीव एकमेकांपासून फार दूरचे आहेत. रायझोक्टोनिया, फ्युजारियम आणि स्क्लेरोशियम या खऱ्या बुरशी होत. पिथियम आणि फायटोफ्थोरा मात्र दिसायला बुरशीसारखे असले, तरी त्यांचे नाते तपकिरी शैवालांशी जवळचे आहे. त्यांच्या पेशीभित्तिका मुख्यतः सेल्युलोज व ग्लुकन यांच्या बनलेल्या असतात आणि त्यांचे बीजाणू दोन शेपट्यांच्या साहाय्याने पाण्यात पोहतात. भारतात या गटाचा अभ्यास नवा नाही. एडविन बटलर यांनी पिथियम प्रजातीवरील आपला सविस्तर प्रबंध 1907 मध्येच प्रसिद्ध केला होता. एका शतकाहून अधिक काळ उपलब्ध असलेले हे ज्ञान दुकानाच्या काउंटरपर्यंत अद्याप पोहोचलेले नाही, हीच खरी अडचण आहे.

या भेदाचा व्यवहारातील अर्थ सरळ आहे. कार्बेन्डाझिम फ्युजारियम आणि रायझोक्टोनियावर काम करते, पिथियम व फायटोफ्थोरावर करत नाही. टेब्युकोनॅझोल, हेक्झाकोनॅझोल यांसारखी औषधे बुरशीच्या शरीरातील अर्गोस्टेरॉलची निर्मिती रोखतात. पिथियम व फायटोफ्थोरा अर्गोस्टेरॉल तयारच करत नाहीत, त्यामुळे या औषधांचाही तेथे उपयोग नाही. पिथियम व फायटोफ्थोरा मातीतून वेगळे काढण्यासाठी प्रयोगशाळेत जी माध्यमे वापरतात, त्यांपैकी काहींत कार्बेन्डाझिमच्याच कुळातील बेनोमिल मुद्दाम मिसळले जाते, कारण त्याने इतर बुरशी दबतात आणि हे दोघे निर्वेध वाढतात. पावसाळ्यात ओल्या कुंडीवर कार्बेन्डाझिम ओतणारा रोपवाटिकाधारक नकळत तोच प्रयोग आपल्या खर्चाने करत असतो.

निदानासाठी दर वेळी प्रयोगशाळा लागतेच असे नाही. कुंडी उलटी करून रोप अलगद बाहेर काढावे. निरोगी मुळे पांढरट व टणक असतात. मूळ चिमटीत धरून ओढल्यावर बाहेरची साल मोज्यासारखी निघून आली आणि आत केवळ दोऱ्यासारखा भाग उरला, तर पिथियमचा संशय घ्यावा. मातीलगत खोडावर तपकिरी, कोरडा, खोलगट डाग असेल, तर रायझोक्टोनियाची शक्यता अधिक. बुंध्याशी पांढरे तंतू आणि मोहरीसारखे तपकिरी दाणे दिसले, तर तो स्क्लेरोशियम. खोड तिरपे कापल्यावर आतील वाहिन्या तपकिरी दिसल्या, तर फ्युजारियमजन्य मर रोगाकडे लक्ष द्यावे. कुंडीच्या कडेवर पांढरे क्षार साचलेले असतील आणि मुळांची केवळ टोकेच जळालेली असतील, तर दोष खताच्या अतिरेकाचा आहे, तेथे कोणतेही बुरशीनाशक उपयोगाचे नाही. मुळांवर गाठी असतील तर सूत्रकृमी, आणि कापसासारखे पुंजके असतील तर मुळांवरील पिठ्या ढेकूण असू शकतो. ही पाहणी पाच मिनिटांत होते. तिच्यानंतरही शंका उरली, तरच मुळांसह नमुना कृषी विज्ञान केंद्राकडे किंवा विद्यापीठाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागाकडे न्यावा.

कुंडीतील पाण्याचा हिशेब

मुळे कुजण्याची सुरुवात बहुतेक वेळा रोगकारकाने नव्हे, तर गुदमरण्याने होते. प्राणवायू हवेतून जितक्या वेगाने पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजारपट मंद गतीने तो पाण्यातून पसरतो. मातीतील पोकळ्या पाण्याने भरल्या, की मुळांचा श्वास कोंडतो आणि त्यांची पाणी शोषण्याची क्षमता घटते. त्यामुळे भरपूर पाणी असूनही रोप सुकल्यासारखे दिसते. ते पाहून माळी आणखी पाणी घालतो. दुबळ्या झालेल्या मुळांतून स्रवणारी द्रव्ये पोहणाऱ्या बीजाणूंना आकर्षित करतात आणि मग कूज सुरू होते.

येथे एक जुना समजही तपासून पाहायला हवा. निचरा चांगला व्हावा म्हणून कुंडीच्या तळाशी खडे किंवा विटांचे तुकडे भरण्याची पद्धत घरोघरी आहे. प्रत्यक्षात बारीक कणांच्या मातीतून पाणी जाड खड्यांच्या थरात सहजासहजी उतरत नाही. ते मातीच्या खालच्या भागात धरून राहते. खड्यांचा थर जितका जाड, तितका हा पाणथळ पट्टा वर सरकतो आणि मुळांच्या अधिक जवळ येतो. छिद्रावर माती वाहून जाऊ नये म्हणून एखादी खापरी ठेवणे योग्यच आहे. निचरा मात्र संपूर्ण मिश्रणाच्या भरडपणावर अवलंबून असतो. उथळ कुंडीत ओल्या पट्ट्याचे प्रमाण उंच कुंडीपेक्षा अधिक असते, ही बाबही कुंडी निवडताना ध्यानात घ्यावी.

झाशीच्या बाबतीत सवयीचा प्रश्न आणखी तीव्र आहे. मे महिन्यात येथे पारा 45 अंशांच्या पुढे जातो आणि कुंड्यांना सकाळ-संध्याकाळ पाणी द्यावेच लागते. जुलैमध्ये पाऊस सुरू होतो, हवेतील आर्द्रता वाढते, पण पाइप धरणारा हात मात्र मे महिन्यातीलच राहतो. उष्णता आवडणारी पिथियमची ॲफॅनिडर्मेटम ही जात 30 अंशांहून अधिक तापमानात जोमाने वाढते. उष्ण आणि चिंब कुंडी म्हणजे तिचे आदर्श घर होय. नारोशंकरांच्या काळापासून या शहरात वसलेल्या मराठी घरांतही हाच अनुभव येतो. तुळशीला रोज तांब्याभर पाणी घालण्याचा नेम भर पावसातही मोडला जात नाही आणि रोप वाळले, की दोष दृष्टीला किंवा थंडीला दिला जातो. नेम पाळण्यासाठी चमचाभर पाणी पुरेसे आहे, हे घरातील वडीलधाऱ्यांना आदराने सांगता येते.

बुंदेलखंडातील मातीही या हिशेबात महत्त्वाची आहे. येथील काळी ‘मार’ माती शेतात चांगली, पण कुंडीत भरली की चिखल होऊन घट्ट बसते. तांबडी ‘राकड’ माती भरड असली, तरी तिच्यात सेंद्रिय भाग कमी असतो आणि वरचा थर लवकर कडक होतो. म्हणून दोन्हींपैकी कोणतीही माती एकटी वापरू नये. भरड वाळू, पूर्ण कुजलेले शेणखत, भाताचा तूस किंवा कोकोपीट यांची जोड देऊन मिश्रण मोकळे करणे, हाच मूळकुजीवरील पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय आहे.

चिलटांची साक्ष

ओल्या कुंडीभोवती घोंघावणाऱ्या बारीक काळ्या चिलटांकडे बहुतेक जण केवळ उपद्रव म्हणून पाहतात. कीटकशास्त्राच्या दृष्टीने ती एक महत्त्वाची सूचना आहे. ब्रॅडिसिया प्रजातीच्या या चिलटांच्या अळ्या पारदर्शक पांढऱ्या आणि चकचकीत काळ्या डोक्याच्या असतात. त्या मातीच्या वरच्या ओल्या थरात बुरशी व कुजणारे अवशेष खातात आणि संख्या वाढली, की कोवळी मुळेही कुरतडतात. या जखमांतून रोगकारकांना वाट मिळते. पिथियमचे टिकाऊ बीजाणू अळ्यांच्या पोटातून जिवंत बाहेर पडतात, असेही प्रयोगांत दिसून आले आहे. हे कीटक दूरवर रोग नेण्यात किती प्रभावी आहेत, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. चिलटे दिसणे म्हणजे कुंडी गरजेपेक्षा अधिक ओली असणे, याबद्दल मात्र दुमत नाही.

त्यांची पाहणी सोपी आहे. कच्च्या बटाट्याची चकती मातीवर पालथी ठेवावी आणि दोन-तीन दिवसांनी उचलून पाहावी, अळ्या असतील तर त्या खालच्या बाजूस जमतात. प्रौढ चिलटांसाठी पिवळे चिकट सापळे कुंड्यांच्या उंचीवर लावावेत. उपाय मात्र पुन्हा पाण्यापाशीच येतो. दोन पाळ्यांच्या मधे मातीचा वरचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर सुकू दिला, की अंडी व अळ्यांचे जगणे कठीण होते. परदेशातील हरितगृहांत बॅसिलस थुरिंजिएन्सिसचा इस्रायलेन्सिस हा प्रकार या अळ्यांवर वापरला जातो. पाने खाणाऱ्या अळ्यांसाठी बाजारात मिळणारा कुर्स्टाकी प्रकार येथे उपयोगी पडत नाही, हे विस्तार कार्यकर्त्यांनी स्पष्ट सांगायला हवे.

झाकलेला रोग, बागेत उघडा

निदानाविना आळवणीचा सर्वांत गंभीर तोटा तत्काळ दिसत नाही. मेटालॅक्सिल फायटोफ्थोराची वाढ रोखते, पण मातीतील टिकाऊ बीजाणूंचा नायनाट करत नाही. नियमित आळवणी होत असलेल्या रोपवाटिकेत रोग असतो, पण लक्षणे दबलेली असतात. रोप हिरवेगार दिसते, विकले जाते आणि औषधाचा प्रभाव ओसरल्यावर ग्राहकाच्या अंगणात किंवा शेतकऱ्याच्या बागेत कोलमडते. तोवर तेथील माती दूषित झालेली असते. शोभेच्या रोपात हे नुकसान एका कुंडीचे असते, फळझाडात ते एका पिढीचे असते.

विदर्भातील संत्रा उत्पादकांना हा धडा फार महागात मिळाला आहे. नागपुरी संत्र्याच्या बागांतील डिंक्या, मूळकूज आणि झाडांचा ऱ्हास यांमागे फायटोफ्थोराच्या निकोटियानी, पाल्मिव्होरा व सिट्रोफ्थोरा या जाती असल्याचे नागपूर येथील संशोधनातून पुढे आले. रोगाचा प्रवास जमिनीवरच्या वाफ्यांतील रोपांपासून सुरू होत असल्याने, नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेने निर्जंतुक केलेल्या मिश्रणात, जमिनीपासून अलग ठेवलेल्या पात्रांत कलमे वाढवण्याचा आग्रह धरला. या उपायातील कळीचा शब्द औषध नसून ‘स्वच्छ मिश्रण’ हा आहे. बुंदेलखंडात फळबागा वाढवण्याचे प्रयत्न सुरू असताना, हा अनुभव पुन्हा नव्याने आणि त्याच किमतीत घेण्याची गरज नाही.

औषध केव्हा आणि कसे

रोपवाटिकाधारकांची बाजूही समजून घेतली पाहिजे. त्यांचे भांडवल कुंड्यांत अडकलेले असते, हंगाम थोडक्या आठवड्यांचा असतो आणि निदानाची वाट पाहण्याइतका वेळ त्यांच्यापाशी नसतो. आळवणी हा त्यांना स्वस्त विमा वाटतो. हा युक्तिवाद अगदी निराधार नाही. एखाद्या लॉटमध्ये पिथियम किंवा फायटोफ्थोराची खात्री झाली असेल, तर शेजारच्या, अद्याप निरोगी असलेल्या रोपांना योग्य औषध देणे शहाणपणाचेच ठरते. अशा वेळी मेटालॅक्सिल-मॅन्कोझेब मिश्रण किंवा फोसेटिल ॲल्युमिनियम यांचा विचार होतो. फोसेटिल रोपात वर आणि खाली अशा दोन्ही दिशांनी वाहते, हा त्याचा विशेष.

परंतु विम्यालाही अटी असतात. पहिली अट : ज्यांची बहुतांश मुळे कुजली आहेत, अशी रोपे औषधाने परत येत नाहीत. ती मातीसह बाहेर काढून नष्ट करावीत. दुसरी अट : आळवणी म्हणजे पाणीच. आधीच चिंब असलेल्या कुंडीत औषधाचे द्रावण ओतणे हे बुडणाऱ्याला पाणी पाजण्यासारखे आहे. प्रथम कुंडी निथळू द्यावी. तिसरी अट : एकाच गटाचे औषध वारंवार वापरू नये. मेटालॅक्सिल 1970 च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आले आणि 1980 मध्येच आयर्लंड व नेदरलँड्स येथे बटाट्यावरील करप्याच्या रोगकारकाने त्याला दाद देणे थांबवले. चौथी अट : ट्रायकोडर्मा आणि कार्बेन्डाझिम एकत्र वापरू नयेत, कारण ही मित्रबुरशी त्या औषधाला अत्यंत संवेदनशील आहे. सकाळी जैविक आणि संध्याकाळी रासायनिक, असा दुहेरी खर्च अनेक ठिकाणी होतो. त्यातील दुसरा खर्च पहिल्या खर्चाला वाया घालवतो.

पाचवी अट कायद्याची आणि आरोग्याची आहे. या औषधांच्या लेबलवर बटाटा, द्राक्ष, तंबाखू अशा पिकांची नावे असतात, कुंडीतील शोभिवंत रोपाचे नाव क्वचितच आढळते. मे 2020 मध्ये केंद्र सरकारने 27 कीडनाशकांवरील बंदीचा जो मसुदा प्रसिद्ध केला, त्यात कार्बेन्डाझिम आणि मॅन्कोझेब या दोहोंची नावे होती. घरातील बाल्कनीत, मुलांच्या हाताशी असलेल्या कुंडीत अशी औषधे ओतण्याचा सल्ला देताना कार्यकर्त्याने दोनदा विचार करावा. घरगुती ग्राहकाला बहुतेक वेळा औषधाऐवजी नवी माती, छिद्र असलेली कुंडी आणि पाण्याचे वेळापत्रक देणे अधिक उचित ठरते.

झाशीचे ऊन हेच औषध

ज्या उन्हाची या शहरात तक्रार होते, तेच ऊन मूळकुजीवरील सर्वांत मोठे साधन आहे. इस्रायलमधील जाकोव्ह कातान व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1976 मध्ये पारदर्शक प्लास्टिकखाली ओली माती तापवून रोगकारक मारण्याची पद्धत शास्त्रीयदृष्ट्या मांडली. शेतात तिला चार ते सहा आठवडे लागतात. कुंडीच्या मिश्रणासाठी काम अधिक लवकर होते, कारण थर पातळ ठेवता येतो आणि तापमान अधिक वाढते. ओलसर मिश्रणाचा कानाकोपरा 60 अंशांवर तासभर राहिला, तर बहुतेक रोगकारक टिकत नाहीत.

मे महिन्यात मिश्रण ओलसर करून वीतभरापेक्षा कमी जाडीचा थर पक्क्या फरशीवर किंवा प्लास्टिकवर पसरावा, वर पारदर्शक पॉलिथीन ताणून कडा मातीने बंद कराव्यात. काळे प्लास्टिक वापरू नये, त्याखाली माती कमी तापते. थराच्या तळाशी तापमापी ठेवून खात्री करावी आणि ती होईपर्यंत मिश्रण झाकलेलेच ठेवावे. थंड झालेल्या मिश्रणात मग ट्रायकोडर्मा मिसळावा. रिकाम्या झालेल्या जागेत मित्रबुरशी प्रथम वसली, तर रोगकारकाला पाय रोवणे कठीण जाते.

त्यानंतर ही स्वच्छता राखणे तितकेच आवश्यक आहे. तापवलेले मिश्रण जुन्या ढिगाशेजारी ठेवू नये. वापरलेल्या कुंड्या घासून, धुऊन, ब्लीचच्या द्रावणात बुडवून घ्याव्यात. कुंड्या थेट जमिनीवर न ठेवता खडीच्या थरावर किंवा बाकांवर ठेवाव्यात. पाइपचे तोंड जमिनीवर टाकू नये. हौदातील किंवा वाहून आलेले पाणी पुन्हा वापरायचे असेल, तर नळीच्या तोंडाशी लिटरमागे 2 मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन राहील अशी व्यवस्था केल्यास फायटोफ्थोराचे पोहणारे बीजाणू नष्ट होतात.

सल्ल्याची पद्धत बदलावी

झाशीत राणी लक्ष्मीबाई केंद्रीय कृषी विद्यापीठ आहे, भारतीय चराई व चारा संशोधन संस्था आणि केंद्रीय कृषिवानिकी संशोधन संस्था आहे. ज्ञानाचा येथे दुष्काळ नाही. उणीव आहे ती सल्ला देण्याच्या पद्धतीत. ‘रोप सुकते, कोणते औषध?’ या प्रश्नाला औषधाच्या नावाने उत्तर देणे सोपे असते आणि विचारणाऱ्यालाही तेच अपेक्षित असते. विस्तार कार्यकर्त्याने या प्रश्नाचे पहिले उत्तर प्रतिप्रश्नानेच द्यावे : मुळे पाहिली का, शेवटचे पाणी कधी दिले, कुंडीला छिद्र आहे का?

प्रगतशील शेतकऱ्यांच्या हातीही मोठी शक्ती आहे. फळझाडांची रोपे घेताना दहा-वीस रोपांमागे एखादे रोप पिशवीतून काढून मुळे दाखवण्याची मागणी त्यांनी करावी, मिश्रण तापवलेले आहे का हे विचारावे आणि उत्तर समाधानकारक नसेल, तर रोपे नाकारावीत. ग्राहक मुळे पाहू लागला, की रोपवाटिकाही मुळांची काळजी घेऊ लागेल. रोपाचे आरोग्य पानांवर दिसत असले, तरी ठरते ते मातीखाली. तेथे नजर पोहोचेपर्यंत औषधाची पुडी बंदच ठेवलेली बरी.